चिंधी बांधलेलं फळ

माझा जन्म इथलाच, राजवाड्यामागच्या गल्लीतला, आणि राजे होते तेव्हा माझे आजोबा राजवाड्याच्या बागेत माळ्यांवर देखरेख करायचे, हे मी आधी सांगून टाकते मास्तर, तुम्ही लिहून घेताय म्हणून, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. राज्य खालसा झालं, बाग गेली, आजोबांची चाकरी गेली, पण हात काही गेला नाही. आमच्या माहेरच्या कोल्लैत, म्हणजे मागच्या परसात, वांगी काय, पडवळ काय, कढीलिंब काय, गल्लीतले लोक म्हणायचे या घरच्या पोरींनी वाळकी काडी रोवली तरी तिला पालवी फुटेल. मी ते ऐकत वाढले. लहानपणी ऐकलेलं खरं वाटतं हो, आणि खरं वाटलेलं मग सुटत नाही.

लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे आले, एवढंच माझं देशांतर. आमचे हे कोर्टात कागदांच्या नकला करायचे, धाकटे भाऊजीही तिथेच. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी मजवर कधी हात उचलला नाही, उपाशी ठेवलं नाही, लोकांच्या सासवांसारखं काही नाही. पण त्या बरं म्हणायच्या नाहीत. सार केलं की चार थेंब तळहातावर घ्यायच्या, चाखायच्या आणि म्हणायच्या, होईल. पुरण केलं, होईल. लोणचं घातलं, होईल. अकरा वर्षं मी होईल ऐकलं, काय सांगू तुम्हाला, त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या.

त्यातच सुंदरा आली, माझी धाकटी जाऊ, पापनाशमची. तिचा भाऊ तिथल्या स्टेशनात मालाचा कारकून, आणि स्टेशनाजवळ कुणा साहेबाचा बंगला होता, त्या बंगल्याच्या माळ्याने त्याला तक्काळीचं, म्हणजे टमाट्याचं, बी दिलं होतं. तक्काळी आमच्याकडे नव्हती असं नाही. मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवायची ती, गोटीएवढी, आंबटढाण, पोरं तोडून एकमेकांना मारायची. ही सुंदराची निराळी. भोपळ्यासारख्या पाकळ्या पडलेली, रंग लाल म्हणावा तर लाल नव्हे, थोडा गुलाबी, आणि साल इतकी पातळ की बोट लावायला भीती वाटावी. देठाशी नाक नेलं की वास यायचा, तो काही सांगता येत नाही.

आत्याबाई म्हणाल्या, परक्या मुलखाचं फळ, श्राद्धाला चालत नाही ते रोजच्याला कशाला. पण तेव्हा त्यांना मोठा ताप येऊन गेला होता, तोंडाला चव नव्हती, आणि भाऊजी म्हणाले आई, श्राद्ध वर्षातून दोनदा, तोंड रोज आहे. मग त्या गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणजे चाललं.

कार्तिकातला पाऊस ओसरला की आमच्या कोल्लैत दोन ओळी लागायच्या, विहिरीकडून डावी माझी, उजवी तिची. मी हार मानणार होते होय? आजोबांची नात मी. यांच्या मागे लागून मी बंगळुराहून येणाऱ्या माणसाकडून बी मागवलं, त्याची फळं गुळगुळीत, चेंडूसारखी, दिसायला राजस आणि आत नुसतं पाणी. कुंभकोणच्या बाजारातून पिवळी आणली, नासपतीच्या आकाराची, ती गोड, पण साराला गोड काय करायचं. मी तांदळाचं धुवण घालायची, राख भुरभुरायची, कळकाच्या काठ्या लावायची, उन्हात नारळीच्या झावळीची सावली करायची. सुंदरा काय करायची? सकाळी एकदा पाणी घालायची आणि झाडांशी तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत बसायची. आणि फळं तिला. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, सुंदरे, दोन देशील का ग. मी तिथेच उभी असायची, माझ्या हातात टोपली असायची, माझ्याकडे कुणी मागायचं नाही. सुंदरा तर माझ्यासमोर म्हणायची, अक्का, माझं काही नाही, मातीच चांगली आहे. माती एकच होती हो. दोन ओळींमधे हातभर अंतर.

आता तिची एक रीत होती. सगळ्यात चांगल्या झाडाचं एक फळ ती तोडायची नाही, त्याच्या देठाला पांढरी चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे हे बियाचं, कुणी हात लावायचा नाही. ते झाडावरच पिकून मऊ व्हायचं, मग बी काढून राखेत घोळवून ती भिंतीला थापायची, पुढच्या वर्षासाठी. घरात लेकराबाळांनाही ठाऊक होतं, चिंधीला हात लावायचा नाही.

त्या वर्षी फाल्गुनातच ऊन असं पडलं की झाडं करपली. तिच्या त्या उत्तम झाडावर एकच फळ राहिलं होतं, चिंधीचं. स्वयंपाकाची पाळी माझी होती. सुंदरा दुपारची झोपली होती आणि मी कढीलिंब तोडायला गेले, खरंच कढीलिंबालाच गेले होते, आणि ते फळ दिसलं. मी चिंधी सोडली. दोन झाडं पलीकडे एक मरतुकडं फळ होतं, त्याला ती बांधली. आणि ते चांगलं फळ पदराखाली घालून आत आणलं.

आमच्याकडे सार ईयाच्या चंबूत करतात, म्हणजे कथलाच्या. तो रिकामा आगीवर ठेवला तर वितळतो, आधी पाणी, मग आग. त्या दिवशी माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं, मी तो तसाच ठेवला असता, पण देवाने आठवण दिली. फळ हातानेच कुस्करलं, चिंच निम्मी घातली, मिरं, जिरं, वरून तुपातली मोहरी.

संध्याकाळी पानावर आत्याबाईंनी चार थेंब तळहातावर घेतले. चाखले. पुन्हा घेतले. आणि सगळे बसले असताना म्हणाल्या, आज सार बरं झालंय ग.

बरं. अकरा वर्षांनी. मी वाढायची पळी धरून तशीच उभी राहिले. सुंदरा समोर बसली होती, ती भात कालवत होती, तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंचा एकच धोशा, कालच्यासारखं कर. मी म्हणायची फळं संपली, पुढच्या वर्षी करीन. सुंदराने त्या चिंधीवाल्या फळाचं बी काढलं, राखेत घोळवलं, भिंतीला थापलं, सगळं रीतीप्रमाणे, आणि मी मनात म्हटलं, हिला काही कळलं नाही. पुढल्या वर्षी तिच्या ओळीत फळं आली ती बारकी, आंबट, माझ्यासारखीच. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? दोन दिवस झालाही. मग आत्याबाई अंथरुणाला खिळल्या आणि पडल्या पडल्या विचारायच्या, ते सार. मी मिळेल ते बी लावलं मास्तर, बंगळूरचं पुन्हा, मदुरेचं, कुणाच्या गाडीतून आलेलं, कुणाच्या पुडीतून आलेलं. पाच पाच जाती एका वाफ्यात. प्रत्येकीचं सार करून त्यांच्या तोंडाला लावलं. त्या म्हणायच्या, होईल. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात त्या गेल्या. मी त्यांना ते सार पाजू शकले नाही, माझ्याच हाताने मी ते कुस्करून टाकलं होतं.

मग वर्षं गेली. हे गेले, भाऊजी गेले, पोरं नोकऱ्यांना मद्रासकडे गेली. आम्ही दोघी या घरात राहिलो, अप्पळं, म्हणजे पापड, लाटून चार घरी घालतो. मी हे कुणाला बोलले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात सुंदरा भाच्याच्या लग्नाला पापनाशमला गेली, परतताना टोपली घेऊन आली, वर केळीचं पान झाकलेलं. पान काढायच्या आधीच मला वास आला. मी उंबऱ्यावरच बसले. म्हटलं सुंदरे, हे कुठून?

ती म्हणाली, आईच्या कोल्लैतून. पहिल्या वर्षीच मी चार फळं आईला पाठवली होती, तिने बी धरलं, आता वहिनी धरते.

म्हटलं, म्हणजे तेव्हाही होतं?

म्हणाली, तेव्हाही होतं.

मी म्हटलं, आत्याबाई मागत मागत गेल्या ग.

ती फळं पुसत होती. खाली पाहूनच बोलली. अक्का, मी चिंधी सैल बांधते, देठ वाढायला जागा हवी म्हणून. ती करकचून बांधली होती. मी त्याच दुपारी पाहिलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलणार होते. तर आत्याबाईंनी तुम्हाला बरं म्हटलं. मला त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं, फळ माझं असून. मग मला वाटलं, पुन्हा आणून दिलं तर पुन्हा तुम्हालाच म्हणतील.

एवढं बोलून तिने फळं सुपात मांडली, मोठी एकीकडे, बारकी एकीकडे.

मला रडू आलं, आणि खरं सांगते, लिहून घ्या, रडता रडता मला बरंही वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की ती चांगली आणि मी एकटीच वाईट. तीही माझ्याएवढीच निघाली. रात्री आम्ही सार केलं, तिने कुस्करलं, मी फोडणी दिली, आणि आत्याबाईंच्या तसबिरीपुढे वाटी ठेवली. तक्काळी चालत नाही त्यांना, ठाऊक आहे. तरी ठेवली.

आता पाहा, दोन ओळी आहेत, विहिरीकडून डावी माझी, उजवी तिची, बी एकच. तिची चार दिवस आधी पिकली. मी रोज सकाळी उठून आधी तिचीच ओळ पाहते, ही खोड काही जायची नाही, चितेवरच जाईल. चिंध्या मात्र दोन बांधतो, आणि मी आता सैल बांधते. तुम्ही शिकलात, तुमच्या घरात पहिले तुम्हीच शिकलात म्हणता, तुमचं कल्याण होवो, तुमच्या आईला ही दोन फळं न्या. विचारलं तर डाव्या ओळीची म्हणून सांगा.