रखमा मावशींचं पोटॅशियम

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या प्राचार्या डॉ. किर्ती नार्वेकर, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे हरेश्वर मयेकर सर, शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

मी अक्षदा, सरांची विद्यार्थिनी. सोमवारपासून सरांचा वर्ग मी घेणार आहे. त्यांची केसेसची फाइल आता माझ्याकडे आहे. तिच्यातली एकच केस सांगते, कारण सर शिकवायचे कसे ते मला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने सांगता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी वरळी कोळीवाड्यातल्या रखमा मावशी आमच्या कॉलेजच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आल्या. शिकाऊ मुलीने रक्त घेतलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम नऊ, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. एवढ्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. मुलगी सहीसाठी सरांकडे धावली. सरांनी सही केली नाही. तिला घेऊन ते बाहेरच्या बाकाशी गेले. मावशी तिथे शिपायाशी भांडत होत्या.

"काय गो पोरी, मना काय झालंय? बोंबील वाळत घातलेत, आभाळ आलंय."

सर म्हणाले, "मावशी, चूक आमची आहे. पुन्हा टोचावं लागेल."

"टोच बाबा, पन लवकर."

दुसरा रिपोर्ट अगदी व्यवस्थित आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो पहिला रिपोर्ट फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "काय कराल?"

माझ्या वर्गातला निमेश म्हणाला, "सर, आयसीयू."

"ती येत नाही म्हणते, शिपायाशी भांडतेय. बोंबील वाळत घातलेत."

वर्ग हसला. मग प्रश्न सुरू झाले. बाई भांडतेय तर हृदय ठीक असणार. मग कॅल्शियम कुठे गेलं? सर फक्त आमचे प्रश्न फळ्यावर लिहीत गेले. पाऊण तासात वर्गानेच शोधून काढलं. लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ओतलं होतं. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. तेच पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम धरून ठेवतं. एका रिपोर्टमधून साठ मुलं न पाहिलेल्या हातापर्यंत पोचली. मी आजही थक्क होते.

निमेशने विचारलं, "सर, कोणी ओतलं?"

सर म्हणाले, "लॅब माझी आहे. पुढची केस घ्या."

ती शिकाऊ मुलगी, रक्त ओतणारी, मी होते. तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसले होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारी मीच पहिली. हे कळलं तर घरी काय तोंड दाखवू, असं वाटायचं. आई समोरच बसली आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय.

सर, तुम्ही ती केस दरवर्षी शिकवलीत आणि माझं नाव एकदाही घेतलं नाहीत. सोमवारी नव्या मुलांसमोर मी ते स्वतः घेणार आहे. चुकल्यावर आपल्या शिक्षकाकडे धावत येता येतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळायला हवं.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.