दारामागची फळी

सत्त्याऐंशी साली सोनगीरला धुळ्याच्या एसटीची वाट पाहताना माझ्यामागे दोघी बोलत होत्या.

"अक्का, दारामागे फळी ठोकली होती ना? माणसागणिक एक खिळा. सकाळी लागेल ते रात्रीच टांगायचं."

"ठाऊक आहे. तुझी सासूच टांगायची बठ्ठं, सगळ्यांचं सगळं."

"सासूबाई दिवाळीत गेल्या. तरी टांगलेलं असतं."

"काहीतरीच!"

"छत्री दिसली, त्या दिवशी पाऊस आला. बॅटरी दिसली, त्या दिवशी वीज गेली."

"मग बरंच की! मेल्यावरही राबतेय म्हातारी."

"आज ह्यांच्या खिळ्यावर काहीच नव्हतं. हे हसले आणि तसेच धुळ्याला गेले. त्यांना परत आणायला निघालेय."

"आणि तुझ्या खिळ्यावर?"

"ही पिशवी."

"काय आहे आत?"

"तुम्हीच बघा, अक्का. माझा हात धजत नाही."