बांधलेली बोटं

(आटगावच्या पलीकडे भेंडीचा मळा. सकाळचे साडेसहा. सकुबाई आणि तिची नात दिपिका.)

दिपिका : परत दाब ना आजी. जरा जोरात.

सकुबाई : अजून किती जोरात? आता बोट फोनच्या पाठीतून बाहेर येईल.

दिपिका : काल घरात चालत होतं गो! शंभर वेळा दाबून बघितलं मी.

सकुबाई : कोणाच्या बोटानं?

दिपिका : माझ्या.

सकुबाई : मग बरोबर. तुझी बोटं लोण्यातली. ही माझी बघ, पाचांना पाच फडकी. भेंडीची लव लागली का दिवसभर खाजवत बसायला लागतं.

दिपिका : अरे देवा. फडक्यातून टच लागतच नाय. माझ्या डोक्यातच आलं नाय हे.

सकुबाई : येईल कसं? शेवटची भेंडी कधी तोडलीस?

दिपिका : मग फडकं सोडून दाब ना.

सकुबाई : नि परत बांधू कशी? एका हातानं गाठ मारायला दात लागतात. माझे दोन उरलेत, ते पण एकमेकांशी बोलत नायत.

दिपिका : हसवू नको. साडेसातला शेतकरी गटाचा पंढरीकाका येतोय, तोडणीच्या चाळीस बाया घेऊन. आज चाललं तर गटाच्या ॲपचं काम माझं, नायतर कल्याणच्या माणसाला देणार. आणि मी ठाण्याची नोकरी सोडून बसलेय.

सकुबाई : त्या वेबसाइटी करायचीस ती? बरी होती. फिरती खुर्ची होती.

दिपिका : ते वेगळं होतं. तिथं माणूस टेबलाशी बसतो, हातात माउस. बारीकसं बटण असलं तरी बाण नेमका जातो. इथं टेबल नाय, बाण नाय. उन्हात उभी बाई नि तिचं बोट, बस. आणि मी ते बोटच विसरले.

सकुबाई : मग बायांना पण वेबसाइटच दे.

दिपिका : मळ्यात रेंज कुठाय? ती उघडेपर्यंत भेंडी जून होईल. ॲप फोनमध्येच बसलेलं असतं. बाईनं 'क्रेट भरलं' दाबायचं. बांधावर रेंज आली का निरोप आपोआप काकाला, टेम्पो त्या बांधाला. क्रेट उन्हात पडून सुकत नाय.

सकुबाई : जून भेंडीवरून आठवलं. तुझा आजा एक भेंडी तोडायची विसरला. ती वाढली, वाढली, नि तानसा धरणाच्या पाण्यावरून पलीकडं गेली. आमची वरात तिच्यावरूनच आली.

दिपिका : आजी, गोष्टी नंतर सांग, आधी हे बटण!

सकुबाई : त्यावर वाघाची गोष्ट हाय. ह्याच ओळीत आला होता. माझी बोटं अशीच बांधलेली, कोयता लांब. मग काय, मूठ वळली, मधलं पेर पुढं काढलं नि त्याच्या नाकावर ठोकलं. टक, टक. दार वाजवतात तसं. वाघ म्हणतो, "कोण?"

दिपिका : थांब. कशानं ठोकलंस?

सकुबाई : पेरानं. फडकी बांधली का आमी सगळं पेरानं करतो. कडी सरकवायची, नाक खाजवायचं, रघूच्या टेम्पोची काच वाजवायची.

दिपिका : फडकं टोकाला, पेर उघडं असतं!

सकुबाई : वाघ खोटा असेल, पेर खरं हाय.

दिपिका : दाब. पेरानं दाब.

सकुबाई : दाबलं. तुझा फोटो आला. गोड दिसतेस.

दिपिका : शेजारचं फोटोचं बटण लागलं. बटणं बारीक, पेर जाड... माउसच्या सवयीनं केलंय मी सगळं. लॅपटॉप दे तो. बाकीचं काढूनच टाकते. आख्खी स्क्रीन एकच बटण.

सकुबाई : सात वाजले असतील.

दिपिका : टाइम नको सांगू!

सकुबाई : बरं, नाय वाजले.

दिपिका : हां... घे. आता कुठंपण दाब.

सकुबाई : दाबलं. आता कमरेला खोचते नि तोडते.

दिपिका : लागलं का? बघू... आजी! अकरा क्रेट दाखवतंय!

सकुबाई : मी नाय, माझ्या कमरेनं भरली. लग्न झाल्यापासून एवढं काम तिनं केलं नव्हतं.

दिपिका : अकरा निरोप गेले असते तर? एका क्रेटला काकानं अकरा फेऱ्या मारायच्या? नाय जमत मला हे. उद्या ठाण्याला फोन करते, घेतायत का परत ते विचारते.

सकुबाई : दिपे, इकडं बघ. वाघाला झाडाची फांदी पण लागते, तो काय लक्ष देतो? ठोकून झाल्यावर मी पेर टेकवलं नि टेकवूनच धरलं. तवा त्याला कळलं, ही बाय कामानं आलीय.

दिपिका : टेकवून धरायचं... दोन सेकंद. कमरेला घासलं तर सुटेल, पेर सुटणार नाय. आणि लागलं का फोन थरथरेल, फडक्यातून पण कळेल. पाच मिनिटं दे मला.

सकुबाई : घे. पंढरी आलाच बघ. त्याला मी धरते.

पंढरी : सकुमावशे, झालं का पोरीचं? बाया खोळंबल्यात.

सकुबाई : कवाच झालंय. ती भेंडीवरची वरात सांगितली का रे तुला?

पंढरी : तीनदा. दरवेळी भेंडी लांब होते. दाखव गो दिपिका.

दिपिका : काका, एकच मिनिट, ॲप फोनमध्ये जातंय... गेलं. हे बघ, इथं असं...

सकुबाई : थांब. हात कर इकडं.

दिपिका : काय करतेस?

सकुबाई : फडकी बांधते. लोण्यातल्या बोटांनी दाखवलंस तर ह्या बाया मानतील? माझं क्रेट अर्धं झालंय, वरचं तू भर.

पंढरी : हां, ते बरोबर हाय. तोड, मी थांबतो.

दिपिका : एवढं खाजतं हे?

सकुबाई : बोलू नको, तोड.

दिपिका : ...भरलं.

सकुबाई : बांधावर ये. आता पेर टेक. सोडू नको.

दिपिका : धरलंय.

सकुबाई : थरथरलं?

दिपिका : हो.

सकुबाई : फोन, का तू?

दिपिका : दोघं पण.

पंढरी : आला निरोप. ए रघू, टेम्पो ह्या बांधाला घे.