मुडशिंगीच्या वाटेवर लावलेला फोन

तुम्ही नेहमी विचारता ना, दर रविवारी एकटीच एवढी लांब पळायला जातेस, भीती नाही वाटत? भीती नाही वाटत. पण गेल्या महिन्यात पडले होते, ते ऐका.

शाहूपुरीतून निघून गडमुडशिंगीच्या पुढे गेले होते, उसामधल्या त्या कच्च्या वाटेने. कोवळ्या उन्हात उसाचे तुरे इतके सुरेख दिसत होते, की वर बघत पळताना दगडाला अडखळून सपशेल पालथी पडले. बांधावर गवत कापणाऱ्या एक मावशी विळा टाकून धावत आल्या.

"अगं बाई! एकट्याच हायसा? घरात कुणाला तरी फोन लावा की!"

मी फोन काढला आणि सवयीने बोट गेलं ते आईच्या नावावर. रिंग नुसती वाजत राहिली.

"उचलत न्हाईत व्हय?"

"घरी कुणीच नाही."

"मग लावलासा कुणाला?"

काय सांगणार? म्हटलं, "आईला. ती दिवाळीत गेली. पण तिचा फोन मी अजून रोज चार्ज करते."

हे तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. मला वाटलं, आता ही बाई मला वेड्यात काढणार. पण त्या माझ्याशेजारी मातीतच बसल्या, पदराने गुडघ्यावरचं रक्त टिपलं आणि तशाच खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"मग मला सांगा की! कुठं कुठं लागलंया?"