खेकड्यांवर आळ

सफाळे स्टेशनवर गाडी उशिरा होती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“नवसे, लेकीकडून इतक्यात परत?”

“तिथं तोंड दाखवाया जागा नाय, भागी. जावई तारापूरला, नव्या वीजघराच्या कामावर होता. त्याच्या मागं मी त्याच्या भाताचा बांध फोडला.”

“का गं?”

“रोप उपटून बघितलं, तर मुळं तांबडी, गंजल्यासारखी. वाटलं, पाण्यात कुजली. आपण डोंगरावर नागलीतलं पाणी काढतो, तसं काढलं. वर पाऊस नाय. जमीन तडकली, भात पिवळा पडला.”

“मुळं कुजलेली नव्हती?”

“जावयानं येऊन एक मोडून दाखवलं. आतून पोकळ, नळीवानी. पानातनं वारा खाली उतरतो. तो गंज म्हंजे मूळ जितं असल्याची खूण.”

“रागावला असंल.”

“नाय ना! उलट त्यानंच गावाला सांगितलं, खेकड्यांनी बांध पोखरला.”

“मग सुटलीस की!”

“कसली सुटते? शेजाऱ्यांनी चिडून टोपलीभर खेकडे पकडून आणले. लेकीनं कालवण केलं, पयलं मलाच वाढलं.”

“मग?”

“मान खाली घालून खाल्लं. जावई म्हणाला, आये, अजून एक घे.”

“घेतलास?”

“घेतला.”