चौथ्या खुर्चीवरचा कोट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि मिनासे बेट उच्च माध्यमिक शाळेचे माननीय मुख्याध्यापक कुराहाशी सर, व्यासपीठावर विराजमान असलेले मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, पालक संघाच्या अध्यक्षा, सूत्रसंचालन करणारे आमचे नागासे सर, सर्व गुरुजन, जिबेकला वर्षभर पोटच्या लेकीसारखं सांभाळणाऱ्या ओबाता काकू, मागच्या रांगेत पंख्याने वारा घेत बसलेल्या गावातल्या सगळ्या आज्या, माझ्या मित्रमैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली आजची उत्सवमूर्ती, जिबेक.

कोणाचं नाव राहिलं का? राहिलं असेल तर संकोच करू नका, मी पुन्हा पहिल्यापासून घेते.

नागासे सर, घड्याळाकडे बघू नका. तुम्हीच म्हणालात, ‘कानाए, तू माहजोंग मंडळाची कप्तान, तू दोन शब्द बोल.’ मी अजून पहिल्याच शब्दावर आहे.

तर, निरोप म्हणजे काय? जो जातो त्याला निरोप देतात, हे तर झालंच. पण जायचं की नाही हे ज्याला कोणी विचारलंच नाही, त्यालाही निरोप देतात का? हा प्रश्न मी सभेपुढे ठेवते आणि तूर्त बाजूला सारते. पुन्हा त्याच्याकडे यायचंच आहे.

आमचं मंडळ इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. शाळेच्या मागच्या बाजूला, जुन्या प्रयोगशाळेशेजारी एक खोली आहे. तिथे चार खुर्च्या, एक चौकोनी टेबल आणि सोंगट्यांची एक पेटी, एवढाच आमचा संसार. माहजोंग हा सोंगट्यांचा खेळ, त्याला चार माणसं लागतात आणि आम्ही होतो तिघं. मी, दुसऱ्या वर्षाचा इत्सुकी आणि पहिल्या वर्षाची फुयुमी. चौथ्या खुर्चीवर नागासे सरांचा कोट असायचा. सर आमचे मार्गदर्शक, म्हणून हजेरीला कोट. आम्ही कोटाच्या वाटणीच्या सोंगट्याही मांडायचो आणि आळीपाळीने त्याच्या वतीने खेळायचो. सर, राग मानू नका, पण तुमचा कोट फार वाईट खेळायचा.

आणि मग गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी विद्यार्थी-देवाणघेवाणीत ही मुलगी किर्गिझस्तानच्या डोंगरातून आमच्या बेटावर उतरली. समुद्र तिने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. धक्क्यावर उभी राहून तिने काय विचारलं असेल? ‘याचा पलीकडचा काठ कुठाय?’ ओबाता काकू म्हणाल्या, ‘आधी जेव बाई, काठ मग शोधू.’ काकू, रडू नका. अजून खूप वेळ आहे.

खेळाच्या ओढीने ती आमच्याकडे आली असं मी म्हणणार होते. पण खोटं कशाला बोलू? ती शेगडीसाठी आली. थंडीत त्या बाजूच्या सगळ्या खोल्यांत शेगडी फक्त आमच्याकडे होती. आली, हात शेकले, चौथ्या खुर्चीवरचा कोट उचलला, नीट घडी घातली आणि बसली.

इत्सुकी म्हणाला, ‘अगं, ती सरांची जागा आहे.’

‘सर कुठायत?’

‘ते कधी येत नाहीत.’

‘मग ही कोटाची जागा. कोट खेळतो का?’

‘नाही तसा.’

‘मग मी खेळते.’

हसा, हसा. कुराहाशी सर, तुम्हीसुद्धा हसलात. तुम्ही हसलात की मला जरा धीर येतो.

तिला शिकवायला आम्हाला फार काही करावं लागलं नाही. आमचा डाव उजवीकडे फिरतो हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘आमच्याकडेही तसाच फिरतो.’ तिच्या घरी एक लाकडी पाट आहे. पाटाला दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ खळगे, त्यांत गोटे पेरत जायचे. हा खेळ ती लहानपणापासून वडिलांशी खेळत आली. इथून सुद्धा फोनवर खेळायची. ती एक आकडा सांगायची, म्हणजे त्या नंबरच्या खळग्यातले गोटे उचलायचे, आणि तिकडून वडील आपला आकडा सांगायचे. खाली काकू मासे सुकत घालताहेत आणि वर माडीवरून आमच्या कोणालाही न कळणाऱ्या भाषेत नुसते आकडे ऐकू येताहेत, असं चालायचं. शेजारच्या आजीबाईंना वाटायचं मुलगी फारच अभ्यासू आहे.

आता जिल्ह्याच्या अंतिम सामन्याकडे येते. तो सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. खरं तर सांगूनही येणार नाही.

आमच्या तिघांच्या फेऱ्या खेळून झाल्या तेव्हा आमचा संघ इतका मागे पडला होता की फुयुमीने परतीच्या बोटीची वेळ बघायला सुरुवात केली. शेवटच्या फेरीला जिबेक बसली. समोर शहरातल्या शाळेची मुलगी, केसांना रेशमी फीत, चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती. शेवटचा डाव आला आणि वाटप जिबेककडे होतं.

आज्यांसाठी सांगते. आमच्या खेळात शेवटच्या डावाचं वाटप ज्याच्याकडे असतं, तो जोवर जिंकतो तोवर खेळ संपत नाही. पुन्हा वाटायचं, पुन्हा खेळायचं. कोणीच जिंकलं नाही आणि सोंगट्या संपल्या, तरी वाटणाऱ्याचा हात, म्हणजे त्याच्या समोरची सोंगट्यांची रांग, एकाच सोंगटीवाचून अडलेला असेल, तर तो हात उघडून दाखवायचा. की वाटप पुन्हा त्याचंच. आणि त्यालाच पुढे खेळायचं नसेल तर? तर दोन्ही हातांनी सोंगट्यांची रांग पालथी घालायची. खेळ तिथेच संपला. त्या पालथ्या सोंगट्यांत काय होतं हे कोणी विचारायचं नाही, उचलून बघायचं नाही. तेवढी रीत आम्ही सगळे पाळतो.

जिबेकने हात पालथा घातला नाही. ती अगदी फुटकळ डाव जिंकत राहिली. मोठ्या डावाची वाट बघितली असती तर संपली असती. एकदा तर कोणीच जिंकलं नाही, तिने शांतपणे हात उघडून दाखवला आणि पुन्हा वाटायला घेतलं. ती फीतवाली शेवटी वैतागून म्हणाली, ‘अगं, किती वेळ?’ जिबेक म्हणाली, ‘घरी कोणी वाट बघतंय का? नाही ना? मग खेळू.’ संध्याकाळ झाली, सभागृहातले दिवे लागले, आणि आम्ही पुढे गेलो. आम्ही! मिनासे बेट! राष्ट्रीय स्पर्धेत या शाळेचं नाव कशातच कधी पुकारलं गेलं नव्हतं. येत्या वसंतात शाळा बंद होणार, पोरं पलीकडच्या गावात जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आमचं नाव मोठ्याने पुकारलं जाणार असेल तर ते याच उन्हाळ्यात, राष्ट्रीय स्पर्धेच्या त्या एका सभागृहात. त्यानंतर कुठेच नाही.

हा पहिला भोंगा. बोट धक्क्याला लागली. बसा, बसा, हा पहिलाच आहे.

काय म्हणालात, सर? आटपतं घेऊ? घेते. फक्त आभार राहिलेत. शेगडीचे आभार. शेगडीच्या रॉकेलचे आभार. रॉकेल वाहून आणणाऱ्या इत्सुकीचे आभार, त्याच्या आईचे, तिने दिलेल्या भाताच्या मुटक्यांचे, त्यातल्या आंबट आलुबुखाराचे...

नागासे सर, माइक बंद करू नका. मी याहून मोठ्याने बोलू शकते.

हो, मी काय करतेय ते आता तुमच्या सगळ्यांच्या लक्षात आलंय. मी वाटप सोडत नाहीये. परत जाणाऱ्या मुलांचा गट आज विमानतळावर जमतो. आजची ही बोट चुकली तर जिबेकचा गट चुकतो, आणि पुढचा गट निघतो ओबोनचा सण झाल्यावर. राष्ट्रीय स्पर्धा ओबोनच्या आधी आहे. मी दुसरं काय करणार होते? जिबेकला पुढच्या गटातून पाठवा म्हणून कुराहाशी सरांनी देवाणघेवाणीच्या संस्थेला फोन केला, मी शेजारीच उभी होते. तिकडच्या बाई फार गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या. सरांनी पुन्हा फोन केला, त्या पुन्हा गोड बोलल्या. तिघांचा संघ उतरवता येत नाही, बदली खेळाडू आमच्याकडे नाही, आणि कोटाला प्रवेश मिळत नाही. मग उरलं काय? हा माइक उरला.

कुराहाशी सर, तुम्ही अध्यक्ष आहात. अध्यक्षांनी म्हटलं ‘भाषण चालू द्या’, तर ते चालू राहील ना? एवढं एकच म्हणा. मी कधी काही मागितलं नाही. मंडळाला नवी पेटी मागितली नाही, फुटक्या खिडकीला काच मागितली नाही. हे एकच. मी डोकं टेकवते.

आवाज माइकपासून लांब गेला असेल. मी जमिनीवर होते, म्हणून.

ओबाता काकू, मान का हलवताय? मला माहीत आहे तुम्हाला काय म्हणायचंय. ते मी बोलणार नव्हते. आता बोलल्यावाचून राहवत नाही.

यंदाच्या वसंतात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं. पण खेळ थांबला नाही. तिची आई पाटाजवळ फोन धरते आणि वडील बोटाने पाटावर ठोकतात. जितके ठोके, तितक्या नंबरचा खळगा. माडीवरून आता एकटीचेच आकडे ऐकू यायचे, आणि मध्ये शांतता. त्या शांततेत ती ठोके ऐकायची.

परवा ती धक्क्यावर येऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, ‘काल बाबांनी ठोकलंच नाही. आई म्हणते, झोपलेत.’ मग म्हणाली, ‘झोपलेच असतील ना, कानाए?’

मी म्हटलं, ‘असतील.’

ती म्हणाली, ‘तिकडे पाळी बाबांची आहे. इकडे माझी. मी स्पर्धेपर्यंत थांबले तर ते थांबतील?’

सांगा, तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हटलं, ‘थांब.’ आजही तेच म्हणतेय, तुमच्या सगळ्यांसमोर, तिच्या तोंडावर. थांब, जिबेक. तू गेलीस की खोलीला कुलूप लागेल, मग शाळेला लागेल, मग आपण कधी होतो हेच कोणाला आठवणार नाही. फार थोडे दिवस तर आहेत. वडील थांबतील. थांबतात माणसं. थांबतील ना? कोणीतरी हो म्हणा! एवढे लोक बसलात, एकाच्याही तोंडून हो निघत नाही?

हा दुसरा भोंगा.

मी अजून उभी आहे. मी अजून बोलतेय. बोलायला पुष्कळ आहे माझ्याकडे, मी या शाळेचा इतिहास सांगेन, मी धक्क्यावरच्या मांजरांची नावं सांगेन...

जिबेक. काय करतेस?

मागच्यांना दिसत नसेल, म्हणून मी सांगते. तिने गुडघ्यांवरचे हात उचलले. समोर टेबल नाही, सोंगट्या नाहीत, नुसती हवा आहे. तिने दोन्ही हात रांगेच्या दोन टोकांना लावावेत तसे लावले, माझ्याकडे बघितलं, आणि रांग पालथी घातली.

इत्सुकी, तू पाहिलंस ना? फुयुमी? मी चुकीचं बघितलं नाही ना?

बरं.

वाटप तिचं होतं. मी उगाच माझं समजून बसले होते. निरोपाआधी तिला विचारायला हवं होतं असं मी मघाशी फार ठसक्यात म्हणाले, आणि विचारलं मीसुद्धा नाही. आता तिने सांगितलं. हात पालथा पडला की खेळ संपतो. त्यात काय होतं, तिला राहायचं होतं का, किती राहायचं होतं, हे मी विचारणार नाही. तुम्हीही कोणी विचारू नका. ओबाता काकू, तुम्ही धक्क्यापर्यंत तिच्याबरोबर जाल, वाटेत सुद्धा विचारू नका.

इत्सुकी, तिची मोठी बॅग घे. फुयुमी, तू पुढे पळ आणि बोटीवाल्या काकांना हात कर. ते दोन भोंग्यांनंतर थोडं थांबतात, सगळ्या बेटाला माहीत आहे. जिबेक, घरी पोचलीस की आधी पाटाशी बस. ठोके ऐकू आले तर आकडा आम्हालाही कळव. मला तो खेळ कळत नाही, पण आकडा कळतो.

जा. मागे वळून वाकत बसू नकोस, बोट सुटेल. पळ!

...

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आपण माझं हे लांबलेलं बोलणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ज्यांचं नाव घ्यायचं राहून गेलं त्यांनी मला माफ करावं. ज्यांचं नको तितक्या वेळा घेतलं त्यांनीही करावं. बोलण्याच्या भरात मी मोठ्यांसमोर आवाज चढवला, सभेची रीत मोडली, आणि एका घरची खाजगी गोष्ट चारचौघांत काढली. या सगळ्याची क्षमा मागते. राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेत असल्याचं मंडळाच्या वतीने मी आजच कळवते.

आणि नागासे सर, जाता जाता एक विनंती. उद्या खोलीत आलात, तर कोट बाहेरच्या खुंटीला लावा. चौथ्या खुर्चीवर ठेवू नका.