उष्टं ग्रानाडा

कैवल्य : खरं सांगू? मी हे लिहिणारच नव्हतो.

अम्मार : मग कशाला लिहिलंस?

कैवल्य : तू पालथा पडलेला. फोटो कुणाला दाखवू? म्हणून बसमध्ये बसलो की फोनवर बडवत सुटायचो. चार ओळी झाल्या की झोप. जाग आली की परत चार ओळी. शुद्धलेखन बघू नकोस.

अम्मार : बघतोय कसला. माझ्यासमोर सध्या एकच देश आहे. खालाच्या घरातली फरशी.

सुगरा : आन् ती फरशी सकाळीच पुसलेली हाय. मान वर करू नको अम्मार, सांगून ठेवतंय.

अम्मार : नाय केली गं, खाला.

सुगरा : केलीस. मना दिसला. कैवल्य, तूच सांग याला. डोळ्याचा पडदा सुटला, आपरेशन झाला, डोळ्यात गॅस भरलान. खाली बघितलास तर तो गॅस मागे जाऊन पडद्याला दाबून धरंल, तेव्हा पडदा चिकटंल. असा डॉक्टरान सांगितलान. आन् ह्यो मेला दारावरची बेल वाजली की मान उचलतो.

कैवल्य : अजून गॅस आहे का आत?

अम्मार : आहे तर. हा कतार देश एवढा गॅस काढतो जमिनीतून, थोडा माझ्यात ठेवलाय. गोल बुडबुडा दिसतो सारखा. मान हलली की तोही हलतो. पाणसळीतला असतो ना, तस्सा. आयुष्यभर साइटवर लेव्हल लावली, आता लेव्हलच डोळ्यात जाऊन बसली.

सुगरा : बघा, हसतो कसा. रात्रभर झोपत नाय.

अम्मार : खाला, तू चहा टाक ना.

सुगरा : टाकतंय. पण कान इकडेच हाय माझा.

कैवल्य : दुखतंय का रे?

अम्मार : दुखत नाय. उद्या तपासणी आहे. पडदा चिकटलाय की नाय ते उद्या कळेल. नाय चिकटला तर हा डोळा खलास. दुसऱ्याचाही पडदा पातळ आहे म्हणाले. ते उद्याचं उद्या. आज तू वाच. पार दोह्याच्या विमानतळावरून बॅग पाठीला लावून सरळ इकडे आलायस, म्हणजे मोठं काहीतरी आणलं असणार.

कैवल्य : मोठं काही नाही रे. बरं, वाचतो. "माद्रिद. थंडी. होस्टेलमध्ये एका खोलीत आठ बंक. खालचा माणूस घोरतो. पायी फिरलो. ब्रेड खाल्ला."

अम्मार : पुढे?

कैवल्य : "कोर्दोबा. ऊन. पाय दुखले. ब्रेड खाल्ला. सेव्हिल. नदी आहे. ब्रेड."

अम्मार : अरे हे काय? आमच्या लेबर कॅम्पच्या वॉचमनचं रजिस्टर पण याच्यापेक्षा रंगतदार असतं.

कैवल्य : खास काही नव्हतंच, भो. तू उगाच मनाला लावून घेतोस.

सुगरा : एवढा लांब जाऊन खास नाय? तुझ्यासंगती रुचा गेलेली, तिला काय वाटला? ती तरी बोलंल. ती का नाय आली?

कैवल्य : तिची आज हॉटेलात ड्युटी लागली, खाला. उतरल्या उतरल्या मुशैरिबला पळाली. तिची एक गंमत सांगतो. तिथे कुणाला "ग्रासियास", म्हणजे थँक्यू, म्हटलं की ते म्हणतात "दे नादा". म्हणजे त्यात काय एवढं. तर पहिल्या दिवशी होस्टेलच्या बाईनं चावी दिली, रुचा म्हणाली ग्रासियास, बाई म्हणाली दे नादा. रुचा माझ्याकडे वळून म्हणते, कैवल्य, ही नाडा का मागतेय?

सुगरा : अय्या! आन् दिलान काय?

कैवल्य : नाही, पण कमरेला हात गेला होता.

अम्मार : हे लिहिलंयस का त्यात?

कैवल्य : नाही.

अम्मार : का नाय? वर्षभर मोबाइलवर स्पॅनिश घोकलं मी. कुठली बस कुठून सुटते, रात्रीच्या बसनं गेलं की होस्टेलचं भाडं कसं वाचतं, सगळं मी काढलं. डॉक्टर म्हणाला विमानात बसलास तर डोळा जाईल, तेव्हा मीच म्हणालो, तुम्ही जा मेल्यांनो, आखलेल्या रस्त्यावरून कुणीतरी चाललं पाहिजे. अन् तू मला ब्रेड वाचून दाखवतोयस.

कैवल्य : वाचतो ना पुढे.

अम्मार : बरं. ग्रानाडा वाच.

कैवल्य : ग्रानाडा राहिलं.

अम्मार : राहिलं?

कैवल्य : बस चुकली आमची. सेव्हिलहूनच मागे फिरलो.

अम्मार : अच्छा.

कैवल्य : पुढच्या वेळी जाऊ ना. तिघं.

अम्मार : बरं.

सुगरा : हा घे चहा, पोरा. अम्मार, तुना नळीनं पाजतंय, थांब. हळू. कैवल्य, तिकडे चहा मिळायचा काय रे?

कैवल्य : कुठला, खाला! सगळीकडे कॉफी. एकदाच मिळाला, तोही पुदिन्याचा. त्याची पण गंमतच. एक मोरोक्कोचा चाचा, एवढंसं दुकान, भिंतीला गालिचे. तो गिऱ्हाइकांशी अरबी बोलत होता, मला एकदम दोह्यात आल्यासारखं वाटलं. सवयीनं बोट वर करून म्हणालो, "वाहिद करक!" इथे टपरीवर मागतो तसा, एक कडक दुधाचा चहा. तो बघतच राहिला. करक म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही. मग मी हातानं उकळून दाखवलं, दूध ओतून दाखवलं. चाचा म्हणाला, दूध? चहात? अन् असं तोंड केलं...

अम्मार : दुकान कुठे होतं?

कैवल्य : होतं असंच एका गल्लीत. चढावर.

अम्मार : रंगीत कंदील टांगलेली गल्ली? पायऱ्यापायऱ्यांची? दोन्हीकडे चहाचीच दुकानं?

कैवल्य : ...हो.

अम्मार : ती गल्ली ग्रानाडात आहे, कैवल्य. मी नकाशावर पिन करून ठेवली होती. वर लिहिलं होतं, इथे करक मिळतो का विचारणे.

सुगरा : आता गं बाई.

अम्मार : बस चुकली ना तुमची?

कैवल्य : नाही चुकली.

अम्मार : मग?

कैवल्य : परत येताना रुचानं अन् मी ठरवलं, अम्मारला सांगायचं नाही. कोर्दोबा चालेल, सेव्हिल चालेल, पण ग्रानाडा तुझं होतं. तुझ्यामुळेच ते यादीत आलं. आम्ही दोघं जाऊन बघून आलो अन् तू इथे फरशी बघतोयस. आम्हाला ते उष्टं केल्यासारखं वाटलं.

अम्मार : उष्टं?

कैवल्य : म्हणजे तुझ्या ताटातलं.

अम्मार : येड्या, शहर आहे ते. आंबा आहे काय चोखून ठेवायला? एवढी वर्षं एवढे लोक बघून गेले तिथे, तुझ्याच नजरेनं उष्टं होणार?

कैवल्य : तुला वाईट वाटेल म्हणून...

अम्मार : म्हणून तू वाचताना माद्रिदही कमी केलंस. कोर्दोबाही. मला सगळं बेचव करून वाढलंस. मी इथे रात्रीच्या रात्री काय केलं माहितीय? आता हे बसमध्ये असतील. आता उतरले असतील. आता वर ग्रानाडाचा किल्ला दिसला असेल. त्याच्याच जोरावर तर मी मान खाली ठेवून राहिलो. अन् तू येऊन सांगतोस, राहिलं!

सुगरा : अम्मार, आवाज नको चढवू. डोळ्यावर जोर येतो.

अम्मार : उद्या काय होईल मला माहीत नाय, खाला. उद्या कदाचित डॉक्टर म्हणतील, बघायचं ते बघून झालं तुझं. मग याने झाकून ठेवलेलं ग्रानाडा कोण उघडून बघणार? आज बघू दे ना मला. याच्याकडे आहे ते. खिशात घेऊन बसलाय.

(खाली आवारात कुणाची तरी सायकलची घंटी वाजत राहते.)

सुगरा : कैवल्य, फोन ठेव तो. तोंडानं सांग.

कैवल्य : कुठून सांगू?

अम्मार : बसपासून. खिडकीची जागा मिळाली का?

कैवल्य : मिळाली. दुपारची बस. बाहेर नुसते डोंगर, मऊ मऊ, अन् त्यावर ऑलिव्हची झाडं. दाट नाहीत. लांब लांब, एका रेषेत. रांगोळीचे ठिपके काढून ठेवावेत अन् रेघा ओढायला कुणी आलंच नाही, तशी. तास तास तेच. रुचा झोपली. मला झोपायचं होतं, पण वाटलं, झोपलो तर हे कुणीतरी पुसून टाकेल.

अम्मार : हां. मग?

कैवल्य : मग एकदम डोंगरावर बर्फ. खाली ऊन, लोक अर्ध्या बाह्यांत, अन् मागे पांढरं. त्याच्या पुढे लाल किल्ला. दुपारी मातकट दिसत होता. संध्याकाळी समोरच्या टेकडीवर जाऊन बसलो, बॅगा उशाला घेऊन. बरीच माणसं होती, कुणी गिटार घेऊन, कुणी नुसतीच. सूर्य खाली गेला तसा तो किल्ला आतून तापत गेला. निखाऱ्यावरची राख फुंकली की होतं ना?

सुगरा : लाल होतो.

कैवल्य : तसा. कुणी फुंकत होतं, खाला. आम्ही ब्रेडवर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ली. एक जर्मन पोरगी म्हणाली, मला पण दे. मग नाकातून पाणी. पण परत मागितली.

अम्मार : आत गेलास?

कैवल्य : सकाळी. अम्मार, आत... आत आवाजच आधी येतो. पाण्याचा. दिसत नाही कुठे. चालता चालता पायाखाली बघतो तर दगडात बोटभर रुंद पन्हळ, त्यातून चाललंय. एका दालनातून दुसऱ्या दालनात. घरातलं माणूस फिरावं तसं.

अम्मार : उतार किती असेल?

कैवल्य : मला काय कळतं? पण मी तुझ्यासाठी बघितलं. पाणी धावत नाही तिथे. चालतं. पंप नाही, काही नाही. डोंगरावरून आणलंय अन् सोडून दिलंय.

अम्मार : ते लेव्हलचं काम आहे. कुणीतरी वाकून, एका डोळ्यानं बघून केलंय ते. थोडं जास्त झालं तर धावतं, थोडं कमी झालं तर थांबतं. पुढे सांग.

कैवल्य : वर बागेत एक जिना आहे.

अम्मार : पाण्याचा जिना!

कैवल्य : माहितीय तुला.

अम्मार : माहितीय. पण तू सांग.

कैवल्य : दोन्ही बाजूला झाडं, वर त्यांचीच कमान, आत हिरवा अंधार. अन् जिन्याचे जे कठडे आहेत ना, ज्यावर हात ठेवून चढतो, त्या कठड्यांतूनच पाणी. वरून खाली. आपण वर चढतोय अन् पाणी हातावरून खाली उतरतंय. मी बोटं ठेवली त्यात. बर्फाचं पाणी. वर पोचेपर्यंत काढलीच नाहीत. बोटं बधिर झाली. रुचा म्हणाली, काढ आता. मी म्हणालो, थांब, हा अम्मारचा हात आहे.

सुगरा : म्हणजे आमच्या वाडीतल्या पाटावाणी रे, अम्मार. दाभोळला. पोफळीखालून पाट जायचा, त्यात तू हात घालून बसायचास. शिंपणा झाला तरी उठायचा नाय. मामा ओरडायचा.

अम्मार : होय गं. म्हणून तर.

कैवल्य : म्हणून तर काय?

अम्मार : म्हणून तर ग्रानाडा. तुम्ही दोघं विचारायचात ना, बार्सेलोना सोडून हे काय? कधी सांगितलं नाय, हसला असतात. युरोपात जाऊन पाट बघायचाय म्हणे याला.

कैवल्य : हसलो असतो.

अम्मार : थांब, बोलू नको जरा. बुडबुडा हलतोय. कड आहे ना त्याची, ती चमकते. आत्ता तिथून पाणी चाललंय. वरून खाली. हळू. बरोबर तेवढंच हळू.

सुगरा : दिसतंय तुना?

अम्मार : दिसतंय, खाला.

सुगरा : मान वर करू नको तरी.

अम्मार : नाय करत. कैवल्य...

कैवल्य : बोल.

अम्मार : उद्या येशील बरोबर?

कैवल्य : रजा वाढवून घेतलीय. बॅग इथेच राहू दे.

अम्मार : उद्या काहीही होवो. डोळा राहिला तर राहिला, नाय तर नाय. पण तू कुठे गेलास, मी नाय येऊ शकलो, तर परत असं करायचं नाय. मला वाईट वाटेल म्हणून चांगल्याला वाईट म्हणायचं नाय. वाटू दे वाईट. ते माझं मी बघेन.

कैवल्य : नाही करणार.

अम्मार : अख्खं सांगायचं.

कैवल्य : अख्खं सांगेन. तुला हेवा वाटेपर्यंत सांगेन.